घरबसल्या अर्धा पगार

पुणे, ११ जानेवारी २००९

ती. काका व काकूंस,
सप्रेम जयभीम.

काका, काम नाही म्हणून कंपनीनं तात्पुरता ले-ऑफ दिलाय, तुम्ही घरी आहात आणि अर्धा पगार चालू आहे, असं आईकडून कळलं. मजा आहे तुमची. इकडे ऑर्कुटवर आमचा वाद पेटलाय. काम करो न करो, सरकारनं प्रत्येकाला दरमहा पैसे द्यावेत का? मी विरोधात आहे. नाव न घेता तुमचंच उदाहरण दिलं, की सातपूरचे माझे काका घरबसल्या अर्धा पगार घेतात आणि दुसऱ्या कामाचं नाव काढत नाहीत. लोकांनी अगदी उचलून धरलं. तुमच्या स्नेहाला सायबर कॅफेत जाऊन बघायला सांगा.

माया आहेच, ती वाढत राहो.
तुमचा पुतण्या,
धम्मपाल

सातपूर, २५ जानेवारी २००९

चि. धम्मपाल यास,
जयभीम व आशीर्वाद.

स्नेहानं सगळं छापून आणून तुझ्या काकांना वाचून दाखवलं, खालची उत्तरंसुद्धा. असल्यांना खडी फोडायला पाठवा, असं एकानं लिहिलंय.

बाळा, आधी विचारायचंस तरी. ले-ऑफवाल्याला रोज पहिल्या पाळीला गेटवर हजेरी द्यावी लागते. दुसरीकडे कामाला गेलं की हजेरी चुकते आणि तो अर्धा पगारही जातो. तुझे काका थंडीत सायकल मारत जायचे आणि काम नाही असं ऐकून परत यायचे. एवढा शिकलास आणि हे तुला ठाऊक नाही, याचं मला फार वाईट वाटलं.

आता ते गेटवर जातच नाहीत. बसून खाणारा म्हणवून घ्यायचं नाही म्हणतात. मार्केट यार्डात टोमॅटोचे क्रेट उचलतात. कंबर धरते, तरी ऐकत नाहीत. उद्या कंपनी सुरू झाली तर यांना कोण विचारणार, याची मला धास्ती आहे. लिहिलेलं पुसून टाक आणि त्यांची समजूत घाल.

घरच्यांवर लोभ ठेव.
तुझी काकू,
लताबाई

पुणे, २ फेब्रुवारी २००९

ती. काकूंस,
सप्रेम जयभीम.

चर्चेत उदाहरण द्यावंच लागतं, मनात वाईट काही नव्हतं. तरी पुसलं. पण लोकांनी ते उचलून आणखी कुठं कुठं चिकटवलंय, तिथं माझा इलाज नाही. आता नवीन लिहिलंय, की काका किती कष्टाळू आहेत आणि या वयातही ओझी उचलतात. त्यालाही खूप उत्तरं आली. काकांना म्हणावं राग सोडा आणि उद्यापासून गेटवर जा.

माया कमी करू नका.
धम्मपाल

सातपूर, २० फेब्रुवारी २००९

चि. धम्मपाल यास,
जयभीम व आशीर्वाद.

कंपनी सुरू झाली. गेटवर येत होते त्यांनाच आत घेतलं. तुझे काका गेले, तर साहेबांनी सांगितलं की तुम्ही आपणहून काम सोडलं असं आम्ही धरलंय. युनियनवाले बघू म्हणतात. मला आता धीर उरलेला नाही.

तुझं नवीन लिहिलेलं स्नेहा वाचायला लागली, तर त्यांनी तिला थांबवलं. धम्मपालला कळव म्हणाले, की माझ्याबद्दल चांगलंही काही लिहू नको.

जेवणाची आबाळ करू नकोस.
तुझी काकू,
लताबाई