शिबिराला गेलेली मुलगी आजारी नव्हती

बाबा, आज मोठ्या बाईंनी मला पुन्हा केबिनमध्ये बोलावून डॉक्टरचं सर्टिफिकेट मागितलं. माझं नव्हे, माझ्या नववीच्या वर्गातल्या एका मुलीचं. ती एकही दिवस आजारी नव्हती. ती विज्ञान शिबिरात होती, खाडीवर, आणि तिला तिथे मीच पाठवलं होतं. शिबिरातली मुलं खेकडे बघतात, चिखलातल्या झाडांची मुळं बघतात, आणि ओहोटी काही रविवार बघून लागत नाही, म्हणून शाळेचे दिवस बुडतात. शिबिरवाल्यांनी तसं सायक्लोस्टाइल केलेलं पत्र शाळेला आधीच दिलं होतं. बाईंनी ते फायलीला लावलं आणि विसरून गेल्या. आता मुलीची हजेरी कमी भरतेय. हजेरी कमी म्हणजे वार्षिक परीक्षेला बसता येणार नाही, वर्ष फुकट. "आजारपण दाखव, मी लगेच सूट देते," बाई म्हणाल्या. "आजारपणाला नियम आहे गं, शिबिराला नाही. एवढं काय त्यात?" शिकायला गेलेली मुलगी गैरहजर आणि घरी झोपलेली माफ, हा कुठला न्याय, असं मी विचारलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तू अजून पर्मनंट नाहीस ना?"

तेव्हा मला तुमची आठवण आली, आणि खोटं कशाला सांगू, रागाने आली. मीही नववीतच होते. घाटकोपरच्या शिबिराला माझी निवड झाली आणि तुम्ही एका शब्दात हो म्हणालात. विक्रोळीच्या कारखान्यात तुम्ही कंपनीच्या संघातून कबड्डी खेळायचात. मॅचच्या दिवशी मशीनकडे फिरकला नाहीत तरी हजेरी लागायची, पगार पुरा. शाळेतही तसंच असणार, हे तुम्ही धरूनच चाललात. आपल्या घरात शाळा पुरी केलेलं कोणी नव्हतं, आपल्याला सांगणार कोण? मग गैरहजेरीची चिठ्ठी घरी आली आणि तुम्ही रात्रपाळी करून तसेच शाळेत आलात. मला अजून दिसतंय, समोर खुर्ची असून तुम्ही उभेच आहात. "साहेब, आमची कंपनी कबड्डीला हजेरी देते, तुम्ही अभ्यासाला देत नाय?" मुख्याध्यापक मनापासून हसतात. "अहो, कंपनीला तुमच्यामुळे शील्ड मिळते. आम्हाला काय मिळणार?" चढाईला गेलात की तीन-तीन गडी बाद करून परतणारे तुम्ही, तिथे जागच्या जागी थांबलात. घरी आई भाकऱ्या थापत होती. तुम्ही मोरीच्या कडेला बसून म्हणालात, "लिही, तापाने आजारी होते. मी सही करतो." मी आजारी नव्हते, मी म्हणाले. "तुला शिकायचंय का भांडायचंय?" तुम्ही इतक्या जोरात ओरडलात की शेजारच्या काकू दारात आल्या. त्या सहीवर मी दहावीत गेले. पुढे घरातली पहिली पदवीधर झाले, ते बघायला तुम्ही राहिला नाहीत. पण माझ्या शिक्षणाच्या पायात कुठेतरी तो न आलेला ताप पुरलेला आहे, आणि तो मला अजून चढतो.

काल मी त्या मुलीच्या आईला भेटायला भांडुपच्या मासळी बाजारात गेले. सर्टिफिकेटचं ऐकून तिने कोयता बाजूला ठेवला. "बाई, शिळं बोंबील ताजं म्हणून मी शंभर वेळा इकलं आसंल. पन धडधाकट पोरीला आजारी नाय म्हननार. तोंडातून निघालं की लागतं." शेजारची म्हणाली, "आज पन तेच इकतेय ही, घेऊ नका बाई!" सगळ्या हसल्या, मीही हसले. आईच्या मागे टोपल्या लावत बसलेली मुलगी मात्र हसली नाही. ती मला रस्त्यापर्यंत सोडायला आली आणि म्हणाली, "बाई, तुम्हीच आणा ना कुठूनतरी. आजारी तर आजारी, मला काय? मला मैत्रिणींबरोबर दहावीत जायचंय." मी तिच्यावर खेकसले. अगदी तुमच्या आवाजात.

आज शाळा सुटल्यावर मी हजेरीपट उघडला. वर्गशिक्षिका मी, तेव्हा त्या दिवसांपुढे गैरहजेरीच्या खुणा मीच केलेल्या. कधीतरी मंजुरी येईल या आशेवर केलेल्या. त्या सगळ्या खोडल्या, वर 'शिबिरात हजर' असं लिहिलं आणि प्रत्येक ठिकाणी पूर्ण नावाची सही केली. कोणालाही विचारलं नाही. उद्या सकाळी बाई ते बघतील. त्यांनी मान्य केलं तर ती परीक्षेला बसेल, आणि पुढच्या वर्षी जाणाऱ्या मुलांना खोटे आजार शोधावे लागणार नाहीत. नाही केलं तर तिचं वर्ष जाईल आणि माझी नोकरी. तिचं वर्ष पणाला लावून मी तिला न विचारता हे केलंय, हे मला कळतंय. घरी आपल्या आईलाही सांगितलेलं नाही. ती आत तांदूळ निवडतेय आणि मी पेपर तपासतेय असं समजतेय.

सही करण्यापूर्वी सवयीने वाटलं, तुम्हाला विचारावं. तुम्ही काय म्हणाला असतात तेही लगेच ऐकू आलं, गप बस, नोकरी सांभाळ. बाबा, तुम्ही गेल्यापासून प्रत्येक गोष्टीत तुम्ही हवे होतात. आज पहिल्यांदाच, विचारायला तुम्ही नाही आहात याचं मला बरं वाटलं.