पानाभोवतीचं पाणी

बाबा, परवा दुपारी मी तुम्हाला टीव्हीवर पाहिलं. म्हणजे तुम्हाला नाही, तुमच्या हाताला. आणि हातही तुमचा नव्हता, एका म्हाताऱ्या कोरियन नटाचा होता. बघा, पहिल्याच ओळीत माझा गोंधळ सुरू झाला.

झालं असं, की तुमची नात सुट्टीत दिवसभर कोरियन मालिका बघत असते. तुम्ही तिला पाहिलं नाहीत, पण नाक थेट तुमचं आहे आणि हट्टही. मी शेजारी मेथी निवडत बसले होते. मालिकेत एक म्हातारा कोळी आहे, बायको आणि मुलगी त्याला सोडून शहरात गेलेल्या. तो एकटाच जेवायला बसतो. समोर भाताचा वाडगा. पेल्यात बोटं बुडवतो, वाडग्याभोवती पाणी फिरवायला लागतो, निम्म्यावर थांबतो, समोरच्या रिकाम्या जागेकडे बघतो आणि मग उरलेलं वर्तुळ पुरं करतो. "आई, सो वीअर्ड! कोरियन लोक असं करतात?" नातीने विचारलं. माझ्या हातातली जुडी तशीच राहिली. कोरियन लोक असं कुठे करतात? असं तुम्ही करायचात.

तो आपला नटवर्य आहे, बाबा. हे नाव तुम्हीच ठेवलेलं. आपण कुवेतला होतो तेव्हा तिथल्या शुवैखच्या बंदरावर क्रेन चालवायचा, मनगट मोडून तुमच्या एक्स-रेच्या टेबलावर आला. बाकीचे पेशंट कण्हायचे, हलायचे, फिल्म वाया जायची. हा मात्र दगडासारखा पडून. दुखत नाही का, असं तुम्ही विचारलंत, तर म्हणाला, "मिस्टर, मी थिएटर. मी डेड बॉडी." सोलच्या नाटकांत प्रेताची कामं करून पोट भरेना, म्हणून स्वारी कुवेतला आली होती. तुम्ही त्याला पुढच्या शुक्रवारी रुमैथियातल्या आपल्या घरी जेवायलाच घेऊन आलात. तुम्हाला काय, सोबत कुणीही चालायचं. आई भारतात गेली, की तुम्ही इमारतीच्या राखणदाराला वर बोलवायचात. "एकट्याच्या घशाखाली घास उतरत नाही," हे तुमचं ठरलेलं वाक्य.

तो पहिला शुक्रवार मला लख्ख आठवतो. तुम्ही पानाभोवती पाणी फिरवता, शितं ठेवता, आणि तो समोर बसून डाव्या हाताने हुबेहूब तेच करतो, डोळे मिटण्यासकट. उजवा हात प्लास्टरमध्ये. मी खो खो हसते. तुम्ही एकदम कडाडता, "थट्टा नको!" त्याला मराठीचा गंध नाही, तरी तो हात मांडीवर ठेवतो. आई मला डोळ्यांनी दटावते. मग तुम्हीच, त्याला बंदरावर थोडी कळू लागलेल्या हिंदीत म्हणता, "प्लास्टर निकलने दो. सीधे हाथ से सिखाऊंगा. करना है तो ठीक से करो." आणि खरंच शिकवलंत. प्लास्टर निघालं तेव्हा त्याचं मनगट चाचपून तुम्ही म्हणालात, हाड जरा वाकडं बसलंय, हे जन्मभर दिसणार. परवा टीव्हीवर दिसलं.

लेकीने मला फोनवर त्याची सगळी कामं शोधून दिली. मी ती उलटी बघत गेले, म्हातारपणाकडून तरुणपणाकडे. कोळ्याच्या आधी खाटीक, त्याआधी टॅक्सीवाला, हवालदार, आणि अगदी सुरुवातीच्या एका सिनेमात पुन्हा प्रेत. तिथे तो आपल्या घरी यायचा तेव्हा दिसायचा, तसाच दिसला. मला रडूच आलं, आणि प्रेत बघून का रडतेस म्हणून लेक हसली. माहितीत एवढंच आहे, की मधली काही वर्षं तो परदेशात मजुरी करत होता. कुठे, कोणाबरोबर, काही नाही. बाबा, माझा प्रश्न त्या न लिहिलेल्या जागेतच आहे.

नव्वदच्या ऑगस्टमध्ये कुवेतमध्ये इराकी सैन्य आलं. आम्ही दोघी बसने बगदाद, तिथून अम्मान करत मुंबईला आणि पुढे पुण्याला आलो. तुम्ही थांबलात, कारण दवाखान्यात एक्स-रे काढायला दुसरं कुणी उरलं नव्हतं. नटवर्याचेही कोरियन सोबती निघाले होते, पण त्याला क्रेन सोडून जायला परवानगी नव्हती, असं तो म्हणायचा. पुढे तुमच्याशी संपर्क तुटला. लढाई संपल्यावर तुमच्याकडची एक नर्स पुण्याला आली, तुमचं घड्याळ आणि चष्मा घेऊन. डिसेंबरात ड्यूटीवरच, खुर्चीत बसल्या बसल्या गेलात म्हणाली. आईने तिला एकच विचारलं, "जेवायला कोण असायचं हो, त्यांच्यासोबत?" नर्सला ते माहीत नव्हतं. बाबा, आईने तुमच्याबद्दल पुन्हा कुणाला काही विचारलं नाही. मात्र एकटी जेवायची वेळ आली, की ती ताट तसंच झाकून ठेवते.

आता नीट ऐका, कारण माझं मलाच नीट सांगता येत नाहीये. आमच्यासमोर तुम्ही पाणी एका दमात फिरवायचात. निम्म्यावर फक्त एकदा थांबलात, आम्ही निघालो त्या सकाळी. आई खाली सामानापाशी होती. मी रुसून खिडकीत उभी होते, तुम्हाला सोडून जायचं नाही म्हणून. तुम्ही अर्धं वर्तुळ फिरवून थांबलात, म्हणालात, "ये. तू बसल्याशिवाय पुरं होणार नाही." मी आले, तेव्हा पुरं झालं. मग नटवर्याला ते थांबणं कुठून कळलं? आम्ही गेल्यावर तुम्ही रोज तसेच थांबत होतात, आणि तो समोर बसून बघत होता? की तो त्याच सकाळी आपल्या घरात होता? मला आधी वाटत होतं, नव्हता. आता डोळे मिटले, की तो दाराशी उभा दिसतो. पण तो म्हाताराच दिसतो, म्हणजे मालिकेतून उचलून मीच तिथे ठेवलेला. की थांबणं त्याचं त्यानेच रचलं? शेवटी नट तो! डोकं भणभणलंय माझं. त्याला पत्र टाक, असं लेक म्हणते. आणि तो म्हणाला, की मी तर तुम्ही मायलेकी गेलात त्याच आठवड्यात निघालो, तर?

मी आईला तो प्रसंग दाखवला. तिने चष्मा सारखा करून पाहिलं. "हात यांचाच आहे," म्हणाली. "पण थांबतो कशाला?" मी ते सांगितलं नाही. म्हटलं, "आई, बाबा एकटे जेवत नव्हते. हा असायचा."

"कशावरून?"

"दिसलं मला."

तिने चष्मा काढून ठेवला. मग म्हणाली, "त्याला भात फार लागायचा. दोघांचा लावत असतील ना हे?"

मी हो म्हटलं. अगदी ठामपणे. काल ती एकटी होती, तरी ताट झाकून न ठेवता जेवली. मला काहीच ठाऊक नाही, बाबा. लावत होतात ना?