पुलावर आम्ही चुकून जिंकलो त्याची हकीकत

ल्युबित्साताईस,

वुकाशिनचा नमस्कार. गुडघे कसे आहेत? दाजी बरे ना? (मी विचारलं हे त्यांना सांगितलंस तरी चालेल.) आई ठणठणीत आहे, परवा तिने भर पुलावर, कॅमेऱ्यासमोर माझ्या थोबाडीत मारली, यावरून काय ते समज.

झालं असं, की बेलग्रेडहून सिनेमावाले आलेत. देशाच्या सगळ्या लढायांचा मिळून एकच सिनेमा, आणि तोही हसवणारा! वरच्या आळीला जर्मनांशी लढणारे पार्टिझन केलं, आपल्या आळीला जर्मन. (मी सार्जंट. टोपी घट्ट होते.) त्यांनी पुलावर हल्ला करायचा, आम्ही पळायचं, गाव मुक्त. पण दुपारी पार्टिझनांना डुकराचं मांस घातलेली घेवड्याची आमटी, आणि आम्ही उन्हात. वाढपी वर म्हणतो, हरणारे उपाशीच बरे, पळताना पोटात दुखत नाही. मग पळतंय कोण? हल्ला आला तसे आम्ही सगळे पार्टिझन धरले आणि त्यांचा सेनापती, म्हणजे बेलग्रेडचा तो बडा नट, पाद्रीबुवांच्या डुकरांत नेऊन कोंडला. दिग्दर्शक भोंग्यातून ओरडतोय, "अरे, इतिहास आहे हा! हरा!" आम्ही म्हटलं, आधी आमटी.

तेवढ्यात गर्दीतून आई आली. थोबाडीत दिली ती तेव्हाच.

"माझा भाऊ राडोमीर याच पुलावर गेला," ती म्हणाली. "मिसरूडही फुटलं नव्हतं. जर्मन हरले, एवढंच त्याच्या पदरात पडलं. आणि तू, मेल्या, वाटीभर आमटीसाठी तेवढंही काढून घेतोस?"

ताई, माझ्या हातून बंदूक गळाली. (लाकडाचीच होती, तरी.) मी हात वर केले, मागे अख्ख्या आळीने केले. मामाला मी कधी पाहिलं नाही, पण मान वर होईना. दिग्दर्शक डोळे पुसत म्हणाला, असा पराभव मागून मिळत नाही. आईची ती चपराक सिनेमात राहणार आहे.

तुझा पराभूत भाऊ,
वुकाशिन

ता. क. आता शरदात शेवटची लढाई घेणार, देश फुटला तेव्हाची, आपली आणि सीमेपलीकडच्या तुमची. तुमच्या बाजूचा गणवेश चढवायला गावात कुणी तयार नाही. दाजींना विचारशील का?

आणखी ता. क. हे मी मनाने लिहीत नाहीये. आई शेजारी बसून सांगतेय. म्हणते, "जावईबापूंना लिही, ती लढाई झाल्यापासून तुम्हाला पाहुणे म्हणून यायला लाज वाटते, तर निदान हल्ला करायला तरी या."