होऊ नये

४ मार्च, सोमवार

कोंडलं एकदाचं. चौदा दिवस! दारात फोन घेतला, घड्याळ घेतलं, पर्समधली पेन्सिलसुद्धा काढून घेतली. ही वही पहारेकऱ्यानं उलटसुलट करून पाहिली आणि कोरी होती म्हणून सोडली. लाल पेन मात्र काढून घेता येत नाही, प्रूफं काय बोटानं तपासू? तेव्हा आता सगळं लाल शाईत.

छापखान्यात आम्ही सहा जण. प्रूफं वाचणारी मी, मशीनवाले काका, त्यांच्या हाताखालचे दोघे, बांधणीच्या बाई, आणि सरकारकडून आलेले साहेब. खिडक्यांच्या काचांना पांढरा रंग फासलाय. बाई आणि मी कागदाच्या गोदामात झोपणार. देशाचा प्रमुख आजवर सभागृहातले सभासद निवडत आले. यापुढे तो थेट जनतेनं निवडावा का, यावर मतदान आहे सतराला. त्याच्या मतपत्रिका छापायच्या. आतलं बाहेर जायला नको म्हणून आम्हीही बाहेर जायचं नाही.

५ मार्च

अण्णांशी भांडून निघाले, ते डाचतंय.

अण्णांनी सभागृहाच्या इमारतीत एकतीस वर्षं लिफ्ट चालवली. प्रमुखाच्या निवडीच्या दिवशी सभासदांना तिसऱ्या मजल्यावर सोडायचे. माझ्या भाच्याचं तेवढं बघा, मग मी तुमच्याच बाजूला — असली बोलणी दुसऱ्या मजल्यापर्यंत आटोपलेली असायची. लिफ्टवाल्यालाही कान असतात हे कुणाच्या गावीही नसायचं. अण्णा म्हणतात, "आयुष्यभर मी सगळ्यांना वर नेलं. वर कुणी बसावं हे एकदा तरी मला ठरवू दे."

मला नाही पटत. आमच्या इमारतीचा अध्यक्ष सगळ्यांनी हात वर करून निवडला. सगळ्यांत मोठा आवाज त्याचा, निवडून आला तोच, आणि पाण्याची टाकी तीन वर्षं गळतेय. अख्ख्या देशाची टाकी गळायला लागली म्हणजे? निघताना मी हेच बोलले. वर म्हणाले, तुम्हाला त्यातलं काय कळतं. अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या बापाला! जिना उतरताना मागून ऐकू आलं, पुढच्या खेपेला मी नसेन.

७ मार्च

मजकूर आला.

"राष्ट्रप्रमुखाची निवड थेट जनतेच्या मताने होऊ नये, असे आपणांस वाटते काय?" खाली दोन चौकोन: हो, नाही.

मी बिनदिक्कत "होऊ नये" खोडलं आणि "व्हावी" लिहिलं. थेट निवडणूकवाल्यांनी शहरभर भिंतींवर "हो म्हणा" रंगवलंय. आणि इथं "हो" म्हणजे थेट निवडणूक नको! ज्याला हवी त्यानं "नाही"वर शिक्का मारायचा. उघड उघड चूक होती.

तासाभरात प्रूफ परत आलं. माझी दुरुस्ती पांढऱ्या शाईनं पुसून टाकलेली.

८ मार्च

साहेबांकडे गेले. चहा मागवला माझ्यासाठी. मग विचारलं, "बाई, व्याकरण चुकलंय का?" नाही म्हटलं. "शुद्धलेखन?" तेही नाही. "मग तुमचं काम झालं."

प्रश्न ठरवणाऱ्या समितीनं मजकूर शेवटपर्यंत गुलदस्त्यात ठेवलाय. लोकांना तो दिसणार मतपत्रिकेवरच, शिक्का हातात घेतल्यावर. म्हणजे चूकबिक काही नाही. ठरवून चाललंय.

दुपारी जेवताना तोच कागद काकांपुढे ठेवला. काका थेट निवडणुकीचे कट्टर. बायको मी स्वतः पाहून केली, मामाला नाही पाठवलं — हे त्यांचं मुख्य कारण! ताट सरकवून त्यांनी वाचलं आणि "हो"वर बोट ठेवलं. बाईंनीही तिथंच ठेवलं. समजावून सांगितलं तर काका खवळले, तेही माझ्यावर.

आणि खरं लिहायचं तर — ही सगळी चुकलेली मतं माझ्याच बाजूला पडणार. मला हवं तेच होणार. मग निम्मं जेवण पानात टाकून का उठले?

९ मार्च

सही केली. "वाचले. बरोबर आहे."

साहेब म्हणाले, तुम्ही नाही केलीत तर दुसऱ्या कुणाला आणू. तुम्हाला मात्र सतरापर्यंत बाहेर सोडता येणार नाहीच. म्हणजे सही करा नाहीतर नका करू, आतच! बावीस वर्षं या तीन शब्दांखाली सही करतेय. चुकून खोटी झाली असेल एखादी, जाणूनबुजून आज पहिलीच. भित्री आहे मी, दुसरं काय.

११ मार्च

मशीन चालू. वाचायला काही उरलं नाही, तरी तेच वाक्य डोळ्यांपुढून हलत नाही. काचेवरचा रंग नखानं जरा खरवडून पाहिला. पलीकडे भिंत.

१३ मार्च

फोनची पाळी आली. आठवड्यातून एकदा, तीन मिनिटं. पहारेकरी शेजारी बसतो, बटणावर बोट ठेवून. तब्येत आणि जेवणखाण, एवढंच बोलायचं.

अण्णा खुशीत. शेजारचे गाडीतून नेणार आहेत, इस्त्रीचा शर्ट आत्तापासून खुर्चीवर टाकलाय. भांडणाचा विषयसुद्धा काढला नाही. उलट मलाच विचारतात, झोप लागते का तुला तिथं? राहवेना. म्हटलं, "अण्णा, ते उलटं आहे, नीट —"

खट्.

पहारेकऱ्यानं सांगितलं, यापुढे तुमचा फोन बंद. असू दे बंद! पोचायचं ते पोचलं. अण्णांना इशारा पुरतो. रात्रीचं जेवण आज पानात टाकलं नाही.

१६ मार्च

काकांनी विचारलं, आपल्या मतांचं काय? साहेबांनी शांतपणे सांगितलं: टपालानं मत देण्यासाठी अर्ज करायची मुदत दहा तारखेला संपली. आम्ही चार तारखेपासून आत! इतक्या लाख मतपत्रिका छापल्या, त्यातली एकही आमची नाही. काका आधी मोठ्यांदा हसले, मग मशीन पुसत बसले. पुसून झालेलंच होतं.

१७ मार्च, रविवार

मतदान. ते संपलं की संध्याकाळी सहाला दार उघडणार. पिशवी भरून खाटेवर बसलेय.

अण्णा आत्ता रांगेत असतील, इस्त्री सांभाळत. एवढ्या मतांत एक तरी मत जिथं पडायला हवं तिथं पडेल. आणि ते माझ्याविरुद्धचं! गंमतच आहे. पण बरं वाटतंय, दोन आठवड्यांत पहिल्यांदाच.

१८ मार्च

काल रात्री अण्णांनी दार उघडल्या उघडल्या सांगितलं, मला चप्पलसुद्धा काढू दिली नाही. "तीनदा वाचला मी प्रश्न. मला वाटलं, आपल्याला 'नाही'वर मारायचाय. मग तुझं आठवलं, उलटं आहे म्हणाली होतीस. तू आत होतीस, तुला ठाऊक. म्हणून 'हो'वर मारला. बरोबर ना गं?"

मी हो म्हटलं.