डाव्या बाजूचा गोकुळ

।। श्री भद्रा मारुती प्रसन्न ।।

गारखेडा, छत्रपती संभाजीनगर
१३ जानेवारी २०२५

प्रिय बन्सीभाऊजींस,
रत्नमालावहिनीचा सप्रेम नमस्कार, वि. वि.

तुमचे कान गेल्यापासून फोन म्हणजे नुसती आरडाओरड. आपल्या घरातलं सगळं आधी शेजाऱ्यांना कळतं आणि तुम्हाला शेवटी. म्हणून पत्रच बरं. कागद जुन्या कॅलेंडरचा आहे, मागची बाजू कोरी होती, हसू नका. तनुजा सूनबाईंसाठी आणि छोट्या श्रेयासाठी तिळगूळ वेगळा पाठवते आहे, त्यातला तुम्ही खाऊ नका, साखर वाढते.

काल आपण पुन्हा हरलो. ज्या पडेगाव ब्रदर्सच्या गोलात उभं राहून तुम्ही तरुणपणी समोरचे दोन दात पाडून घेतलेत, तो आपला क्लब आता जिल्हा लीगमध्ये खालून दुसरा आहे. बचाव चांगला आहे, गोली तर तुमच्यापेक्षा चांगला आहे, रागावू नका. पण पुढं चेंडू जातच नाही. मला घरखर्चाची सवय, पैसा कुठं गळतो ते मी लगेच धरते. तसंच मी मैदानावरही पाहत बसते. आपला चेंडू डाव्या बाजूला गळतो. ज्याच्या पायात येईल तो मान वर न करता डावीकडं, रेघेजवळ मारतो, आणि तिथं कुणीच नसतं. चेंडू आपला सरळ बाहेर. समोरचे हसतात.

डावीकडं नवा पोरगा आहे, अंकुश. पाय चांगला आहे, पण तो रेघेजवळ उभाच राहत नाही, चार पावलं आत सरकून खेळतो. मी त्याला विचारलं की बाबा, तुझी जागा ती आहे ना. तर म्हणाला, काकू, तिथं अडचण होते. मोकळ्या मैदानात कसली आली अडचण?

आणि त्या प्रणयची तर मला चीडच आली आहे. भावसिंगपुऱ्यातल्या करुणाताईंचा प्रणय, आपल्या गोकुळचा जिवलग. माझ्या हातची थालीपीठं खाऊन मोठा झाला, आणि ऐन हंगामात डिसेंबरात क्लब सोडून तुमच्या पुण्यात कुठल्याशा कंपनीच्या टीमकडून खेळायला निघून गेला. मला भेटलाही नाही. निष्ठा नावाची चीज राहिली नाही हल्ली. आमच्या गोकुळला मुंबईहून बोलावणं आलं होतं, पण तो म्हणाला होता की मी पडेगावचा आणि पडेगावचाच राहणार.

राहिला बिचारा. मिटमिट्याजवळ तो ट्रक आडवा आला त्याला दिवाळीनंतर वर्ष होऊन गेलं. तुम्हाला माहीतच आहे, तो होता तोवर माझा फुटबॉलशी संबंध कपड्यांवरचा चिखल काढण्यापुरता. आता मात्र मी एकही रविवार चुकवत नाही. का जाते ते सांगते. सामन्याआधी पत्र्याच्या खोलीत पोरांना शिकवणारे सांडू मास्तर शाळेसारखी हजेरी घेतात. गोकुळ गेल्यावरच्या पहिल्याच सामन्याला त्यांनी सवयीनं त्याचंही नाव घेतलं आणि प्रणयनं त्याच्या वतीनं हजर म्हटलं. तेव्हापासून ती रीतच पडली. मी दाराबाहेर उभी राहून तेवढं ऐकते. आठवडाभर पुरतं मला ते.

हे घरीच असतात. मी आले की पेपरातून डोकं न काढता विचारतात, कोण जिंकलं. बस्स, तेवढंच.

कळावे. मायेत अंतर पडू देऊ नये.
तुमची वहिनी,
रत्नमाला

---

खडकी, पुणे
२४ जानेवारी २०२५

ती. वहिनीस,
बन्सीचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

तिळगूळ पोचला. श्रेयानं मोजून तीन दिले आणि उरलेले लपवले. नात अगदी तुमच्यावर गेली आहे.

गोलीचं वाचलं. दोन दात गेले ते चेंडू अडवताना गेले, हे लक्षात असू द्या. आजकालचे गोली हातमोजे घालतात, आम्ही छातीनं अडवायचो. असो.

प्रणयवर इतक्या तडकाफडकी निकाल देऊ नका, वहिनी. खेळणाऱ्याचं वय थोडं असतं. पाय चालतात तोवर चार पैसे मिळाले तर घ्यावेत त्यानं. आम्ही क्लबशी निष्ठा ठेवली आणि म्हातारपणी गुडघे तेवढे पदरात पडले. प्रेक्षकाची निष्ठा सोपी, त्याला पळावं लागत नाही. हे वाचून तुम्ही मला शिव्या द्याल, पण मला त्या ऐकू येणार नाहीत.

तरीही तुमच्या पत्रातली एक गोष्ट डोक्यातून जात नाही. एक पोरगा चुकला तर चूक, पण सगळी टीम एकाच रिकाम्या जागी चेंडू कसा मारते? डावीकडं रेघेला चिकटून गोकुळच पळायचा ना? दुसरं असं की, प्रणय डिसेंबरात गेला म्हणता. मग आता हजेरीला गोकुळच्या नावाला कोण उत्तर देतं?

दादाला सांगा, गुडघ्याला तेल लावत जा. उत्तराची वाट पाहतो, वहिनींनी लोभ राखावा.
तुमचा,
बन्सी

---

।। श्री भद्रा मारुती प्रसन्न ।।

गारखेडा
३ फेब्रुवारी २०२५

प्रिय बन्सीभाऊजींस,
सप्रेम नमस्कार, वि. वि.

तुम्ही विचारलंत ते मी लिहिणार नव्हते. पण परवा सांडू मास्तर घरी येऊन गेले, तेव्हा आता लिहायलाच हवं.

टोपी हातात धरून बसले होते. चहा घेतला नाही. म्हणाले, वहिनी, गोकुळचं नाव हजेरीतून काढू द्या. पोरं भेताहेत. मी म्हटलं, प्रेमानं घेतलेल्या नावाला भ्यायचं काय? तर म्हणाले की प्रणय गेल्यावर मी ठरवलं होतं, नाव घ्यायचं आणि कुणी बोललं नाही तर पुढं जायचं. पण नाव घेतलं की हजर येतं. दर वेळी. मी पोरांना एकेकाला उभं करून विचारलं. सगळे देवाची शपथ घेतात की आम्ही नाय बोललो. म्हणाले, वहिनी, मी चाळीस वर्षं हजेरी घेतली. कुठून आवाज येतो ते मला न बघता कळतं. डाव्या कोपऱ्यातून येतो. तिथं फक्त जाळीत भरलेले चेंडू असतात.

भाऊजी, मला हे नवं नव्हतं. मीही दाराबाहेर असते. आईला लेकाचा आवाज ओळखू येणार नाही का?

मी मास्तरांना नाही म्हणाले. साफ नाही. मी म्हटलं, हरलात तरी चालेल, खालच्या गटात गेलात तरी चालेल, माझ्या पोराचं नाव खोडायचं नाही. हे तोंड फिरवून खिडकीकडं पाहत बसले. मास्तर उठले, आणि जाताना म्हणाले की वहिनी, तो तुमच्यासाठी येतो, पण खेळायचं मात्र या पोरांना असतं.

तुम्हाला आणखी एक सांगते, हसू नका. सामना संपला की मी पडेगावहून सिटी बसनं येते. माझ्या शेजारची जागा रिकामी असते. गाडी भरलेली असली, माणसं उभी असली तरी तिथं कुणी बसत नाही. बायका येतात, वाकतात, आणि पुढं जातात. कालच्या रविवारी कंडक्टरनं माझ्याकडं बघून विचारलं, दोन? आणि मी हो म्हणाले. मी! जी गुलमंडीत कोथिंबिरीच्या जुडीसाठी तीन दुकानं फिरते, तिनं दोन तिकिटं काढली.

घरी त्याचा फोटो आहे, हार आहे, रोज दिवा लावते. पण फोटोत तो नसतो हो. रविवारी असतो. मंदिरातले गुरुजी म्हणाले की गेलेल्याला सारखी हाक मारू नये, त्याची वाट अडते. मी मान हलवली आणि घरी आले. देवानं एक लेक दिला आणि नेला. आठवड्यातून एकदा परत देत असेल तर मी कशाला नको म्हणू?

पण मला सारखं वाटतं की मी काहीतरी वाईट करते आहे. तुम्हीच सांगा. यांच्याशी बोलायची सोय नाही.

लहानांना आशीर्वाद. आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नका.
रत्नमाला

---

खडकी, पुणे
११ फेब्रुवारी २०२५

ती. वहिनीस,
शि. सा. नमस्कार, वि. वि.

तुमचं पत्र वाचून मी दोन दिवस काहीच केलं नाही. मग तनुजाला घेऊन प्रणयच्या सरावाच्या मैदानावर गेलो. आता मी जे लिहितो ते शांतपणे वाचा, दादा घरात असताना वाचा.

मला पाहून पोरगा पळूनच जायच्या बेतात होता. पायाच पडला. मग तनुजाला जरा लांब बसवून माझ्या बऱ्या कानाशी तोंड आणून बोलला. म्हणाला, काका, मी हजर फक्त पहिल्या दिवशी म्हटलं. त्या एकाच दिवशी. सगळे रडत होते, कुणीतरी बोलायला पाहिजे होतं म्हणून बोललो. पुढच्या रविवारी मी तोंड उघडायच्या आत माझ्या शेजारून आवाज आला. सगळ्यांना वाटलं मीच बोललो. मी वर्षभर तसंच वाटू दिलं.

मी विचारलं, कुणाला सांगितलं का नाहीस? तर म्हणाला, आमच्या घरात भूत-बीत मानत नाहीत, काका. आईला सांगितलं असतं तर तिनं डॉक्टरकडं नेलं असतं. आणि मलाही पटत नव्हतं. पण मैदानात डावीकडून तो चेंडू मागायचा, जसा नेहमी मागायचा, आणि माझा पाय आपोआप तिकडं वळायचा. सगळ्यांचेच वळतात. कुणी कुणाला बोलत नाही इतकंच.

 मी म्हटलं, अरे, मित्रच तो, मग भ्यालास का? तर म्हणाला की भ्यालो नाही. पण त्याचा आवाज बदलत गेला. पहिल्यांदा कसा, नेहमीसारखा खणखणीत हजर. मग दर रविवारी जरा खाली. दिवाळीनंतर तर असा यायला लागला, जसा जादा वेळ खेळलेल्या माणसाचा येतो, दम लागलेला, छाती भरून आलेली. म्हणाला, काका, तो लई थकलाय. एवढ्या दिवसांत त्याला कुणी बाहेर घेतलंच नाही. गोकुळ स्वतःहून मैदान सोडणाऱ्यातला नव्हता, तुम्हाला माहीत आहे, पाय मुरगळला तरी मास्तरांनी बोलावल्याशिवाय यायचा नाही. मला ते ऐकवेना, म्हणून मी सोडून आलो. काकूंना कुठल्या तोंडानं भेटू?

मी म्हातारा बहिरा माणूस. खरं-खोटं मला ठरवता येत नाही. पण मी गोलात उभा राहिलेला आहे, आणि पळून पळून तोंडाला फेस आलेला, तरी बाहेर बघून कुणी बोलावतं का याची वाट पाहणारा गडी मी पाहिलेला आहे. फक्त नाव खोडून तो येणार नाही, वहिनी. त्याला बोलवावं लागेल.

तुमचं मन मी जाणतो. काय करायचं ते तुम्ही ठरवा. मी तुमच्या बाजूचाच आहे, तसंच समजून लोभ ठेवा.
बन्सी

---

।। श्री भद्रा मारुती प्रसन्न ।।

गारखेडा
३ मार्च २०२५

प्रिय बन्सीभाऊजींस,
सप्रेम नमस्कार, वि. वि.

उत्तराला उशीर झाला. तुमचं पत्र आल्यावर मी दोन रविवार मैदानावर गेलेच नाही. जाऊन त्याचा आवाज ऐकायची हिंमत नव्हती, आणि ऐकल्याशिवाय राहवतही नव्हतं. महाशिवरात्रीचा उपास धरला, दिवसभर देवळात बसले. देवाकडं नेहमी मागते, त्या दिवशी काही मागितलं नाही.

काल हंगामातला शेवटचा सामना होता. जिंकलो तरच वरच्या गटात राहणार, असं होतं. मी सकाळीच मास्तरांकडं गेले आणि म्हटलं, आज नाव घ्या, पण मला आत उभं राहू द्या. त्यांनी काही विचारलं नाही. पोरांनी बाकावरचे कपडे गोळा करून मला जागा केली. मी बसले नाही.

मास्तरांनी हजेरी सुरू केली. एकेक नाव, एकेक हजर. मग ते थांबले, माझ्याकडं पाहिलं, आणि म्हणाले, गोकुळ सोमनाथ.

तुम्ही लिहिलं होतं तसंच हजर आलं, भाऊजी. दाराबाहेरून मला नुसता आवाज यायचा, आत दमही ऐकू आला. माझं पोर तापात घ्यायचं तसा श्वास. मी त्या जाळीतल्या चेंडूंकडं तोंड केलं. काय बोलायचं ते पाठ करून आले होते, ते सगळं विसरले. एवढंच म्हटलं की गोकुळ, बस झालं बेटा. बाहेर ये. तुझ्या जागी अंकुश खेळेल. मग मास्तरांना म्हटलं, घ्या अंकुशचं नाव. मास्तरांनी ते घेतलं. अंकुश रडत होता. तरी हजर म्हणाला, मोठ्यानं म्हणाला.

सामना आपण हरलो. एक गोल आपला, दोन त्यांचे. खालच्या गटात गेलो. मैदानावर बायाबापड्या हळहळल्या. पण आपला जो एक गोल झाला तो डावीकडून झाला. अंकुश रेघेला चिकटून पळाला, चेंडू त्याच्याकडं आला, आणि तो तिथं होता. ते पाहून मी टाळ्या वाजवल्या का नाही ते मला आठवत नाही. प्रणयला सांगा, काकूनं थालीपीठाला बोलावलंय. आणि हेही सांगा, खालच्या गटात गेला तरी क्लब क्लबच असतो, मी पुढच्या हंगामाला आहेच. निष्ठेबद्दल तुमचं मत तुमच्यापाशी ठेवा.

घरी आल्यावर यांनी विचारलं, कोण जिंकलं. मी म्हटलं, गोकुळला बाहेर घेतलं. हे उठले, माझ्याजवळ आले, आणि कितीतरी वेळ माझा हात धरून बसले. पेपर खाली पडला तो तसाच पडू दिला.

आता शेवटचं, म्हणजे माझ्या मनावरचं ओझं उतरेल. सामना संपल्यावर पोरं मैदानातच बूट काढून अनवाणी बसली होती. मी एकटीच फाटकाकडं निघाले. तिथं सिमेंटचा रस्ता लागतो. आणि माझ्या मागं, दोन-चार हातांवर, बुटाचे खिळे सिमेंटवर वाजायला लागले. सावकाश, दमलेल्या माणसाचं चालणं असतं तसं. मी थांबले की थांबायचे. फाटकापर्यंत माझ्याबरोबर आले, आणि तिथं थांबले. माझी वाट पाहत असल्यासारखे थांबले.

भाऊजी, मी वळून पाहिलं नाही. सारं अंग मागं ओढत होतं, पण वळून पाहणं म्हणजे पुन्हा हाक मारणंच झालं असतं. मी फाटकातून बाहेर पडले आणि चालत राहिले. बसही घेतली नाही.

तनुजाला आणि श्रेयाला आशीर्वाद. पत्र पाठवत जा, आणि आम्हा दोघांना आपल्या मायेत असू द्या.
तुमची,
रत्नमाला