गुप्त आकड्याची वाटणी

मी, खाली सही करणारा, वय एकवीस, पदवी अर्धवट, उद्या अपेंडिक्सचं ऑपरेशन, पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. डॉक्टर म्हणाले, किरकोळ आहे, आणि हसले. का हसले, हा संशय नोंदवून पुढे जातो.

१. माझी मुख्य मिळकत म्हणजे एक आकडा. इटा नावाचा हलका मेसॉन, म्हणजे अणूहूनही बारीक कण, जन्मताच फुटतो. कधीकधी त्याचे तीन पायॉन, म्हणजे आणखी हलके कण, होतात. ते किती वेळा, हे सिद्धांतवाले गणिताने सांगतात, प्रयोगवाले मोजतात, मग दोन्ही ताडून बघायचं. कोणी कोणाचं बघून लिहू नये म्हणून मापात एक गुप्त आकडा मिसळतात आणि गणित हाती आल्यावरच तो वजा करतात. तो मिसळला मी. सरांनासुद्धा ठाऊक नाही.

२. सरांना काहीही मिळू नये. ते मला म्हणाले, "अरे, तिला खरं माप आधी कळलं तर बिघडतं कुठे?" ती म्हणजे त्यांची सिद्धांतवाली विद्यार्थिनी, जिच्यापायी माझी झोप उडाली आहे. त्याच दिवशी दार आपटून मी कॉलेज सोडलं.

३. त्याच आठवड्यात ती माझ्या खोलीवर आली. एरवी कधी फिरकली नव्हती. खांद्यावरून स्क्रीनकडे वाकली, तेव्हा तिथे मिसळलेलंच माप होतं, पण मी मुद्दाम थाप मारली की गुप्त आकडा वजा केलाय, हेच खरं माप. ती म्हणाली, "मग झाक ना ते. मला कशाला दाखवतोस, वेड्या?" पण म्हणण्याआधी तिने पाहिलं होतं. माझ्यासाठी आली की मापासाठी?

४. गुप्त आकडा ताईला तोंडी सांगितला आहे. ती गणिताला घाबरते, म्हणून तिच्यापाशी सुरक्षित. त्या सिद्धांतवालीचं गणित जमा झाल्यावरच ताईने तो सांगावा. भाऊजींना आधी कळू देऊ नये. त्यांच्या पोटात काही राहत नाही, आणि त्यांचा डोळा माझ्या जॅकेटवर आहे.

५. तिचं उत्तर माझ्या थापेशी जुळलं, तर तिच्याकडे राहिलेला माझा मफलर परत घ्यावा. खऱ्या मापाशी जुळलं, तर सायकल द्यावी. कशाशीच जुळलं नाही, म्हणजे ती आपल्या डोक्याने चुकली, तर सायकल, कॉम्प्युटर आणि खणातली चांदीची साखळी, जी द्यायचं मला धाडस झालं नाही. विज्ञानाचं काय व्हायचं ते होवो, ती चुकावी ही माझी शेवटची इच्छा.

ठिकाण : दवाखाना, खिडकीजवळची खाट
दिनांक : ऑपरेशनची आदली संध्याकाळ
सही : केली

साक्षीदार १ : ताई. वाचलं, हसू दाबलं.

साक्षीदार २ : ती. अचानक भेटायला आली. कोणी कळवलं, संशय ताईवर. "वर काय लिहिलंय ते सांगू नकोस," म्हणाली, तळहाताने मजकूर झाकला आणि सही केली. मी तिच्या डोळ्यांकडेच बघत होतो. वर गेले नाहीत.

दुरुस्ती : कलम पाच रद्द. ताईने साखळी आजच घेऊन यावी.