दारू तोलायचा काटा

लिमरिक, रविवार

तीर्थरूप बाबांना ज्ञानदाचा नमस्कार.

मी मजेत आहे. फोनवर आई ऐकते, म्हणून तुमच्या सराफी दुकानाच्या पत्त्यावर लिहितेय. तिचा गुडघा कसा आहे?

मंगळवारी मी काम करते त्या वजनकाट्यांच्या दुकानात नेमबाजी क्लबचे एक आजोबा आले होते. काडतुसांत भरायची बंदुकीची दारू तोलायला त्यांना अचूक काटा हवा होता. मालकांनी महागडा डिजिटल काटा पुढे केला. मी तुमच्यासारखं एकच वजन तीनदा ठेवून पाहिलं, तर तीनदा वेगळा आकडा आला.

मालक डोळे वटारत होते, तरी मी म्हटलं, "हा नेऊ नका. दारू जास्त पडली तर बंदूक हातात फुटेल." आजोबांनी साधा दांडीचा काटा नेला.

मग मालक हसत म्हणाले, "तुझं इथं काम करायचं परमिट माझ्यामुळे आहे, विसरू नकोस." तेव्हापासून मला मागच्या बिनखिडकीच्या खोलीत बसवलंय. नोकरी गेली तर हा देशही सोडावा लागेल.

उरलेले डिजिटल काटे अचूक आहेत, अशा तपासणीच्या कागदावर मालकांना उद्या माझी सही हवी आहे. पत्र पोहोचेल तोवर मी सहीला नकार दिलेला असेल.

माझी खोली झाडून ठेवा. आईला कारण सांगू नका.

तुमची,
ज्ञानदा